लाइन भिजवून पाहिली, काका

ईडन प्रेरी, मिनेसोटा
मे १९८६, मंगळवार

प्रिय भास्करकाका,

आधी घडलं तेवढंच लिहिते. मत नंतर.

१. गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या लॅबमधल्या मशीनवर मी मासेमारीच्या नायलॉन लाइनच्या चार जाडींचे नमुने ओढून तोडले.
२. त्यावरून एक पानी अहवाल टाइप केला, खाली सही केली आणि तुम्हाला दिला. शिफारस: जर्कबेटसाठी बारा पौंडांची लाइन काढून आठ पौंडांची भरावी.
३. तुम्ही ती त्याच संध्याकाळी भरलीत.
४. सप्टेंबरमध्ये तुमच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा बास मासा हातचा गेला. तुम्ही मला सांगितलंत, गाठ सुटली, चूक माझी.
५. जानेवारीत तुम्ही गेलात.
६. तीन आठवड्यांपूर्वी काकूंनी तुमचा रॉड मला दिला. रिळावर आठाची लाइन नव्हती. बाराची होती.
७. परवा रविवारी मी आठाची लाइन चोवीस तास पाण्यात भिजवून पुन्हा तोडली.
८. अहवाल चूक होता. गाठ सुटलेली नव्हती.

म्हणून हे पत्र. मी पत्रं लिहिणारी नाही, तुम्हाला माहीत आहे. सांगलीला आईला महिन्यातून एक एअरोग्राम जातो, त्यातही हवामान आणि तब्येत, संपलं. पण चुकीचा अहवाल दिला असेल तर ज्याला दिला त्याला दुरुस्ती कळवावी लागते. तो माणूसच गेला असेल तर काय करायचं, याबद्दल आमच्या लॅबच्या नियमांत काही नाही. मी शोधलं.

शिवाय येत्या शनिवारी बासचा मोसम उघडतो, आणि मला लाइन ठरवायची आहे. मी जाणार नसेन तर काकू होडी विकणार होत्या. त्याबद्दल पुढे लिहिते.

दोन महिन्यांसाठी म्हणून मी तुमच्या बेसमेंटमध्ये राहायला आले होते, आठवतं? ऑफिसजवळ अपार्टमेंट मिळेपर्यंत. त्याला अडीच वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात मी काकूंना विचारलं, कपडे धुवायचं मशीन कोणत्या वेळी वापरलेलं चालेल? तुम्ही जिन्यातून खाली वाकून म्हणालात, "अर्ज करून राहिली का? तीन प्रतींत कर." मी हसले नाही. कागद आणायला खाली गेले. भंडाऱ्याचा माणूस गंभीर चेहऱ्याने थट्टा करतो, हे कळायला मला एक आख्खा हिवाळा लागला.

मासेमारीला मी कुतूहलाने आले नव्हते, हेही आज सांगून टाकते. मला काकूंनी पाठवलं. तुमचा गुडघा दुखायचा आणि तुम्ही होडी एकट्याने पाण्यात ढकलायचात, म्हणून. त्या स्वतः कधी होडीत बसल्या नाहीत. पुण्याच्या माहेरी मासा कधी उंबऱ्याच्या आत आलेला नव्हता. धरलेला प्रत्येक बास तुम्ही परत पाण्यात सोडायचात, तरी त्या तुम्हाला बाहेरच्या नळावर हात दोनदा धुवायला लावायच्या. एकदा मासा आणि एकदा तळं, असा त्यांचा हिशेब होता.

पहिल्या दिवशी तुम्ही मला जर्कबेट दाखवलंत. बाल्साच्या हलक्या लाकडाची बोटाएवढी खोटी मासोळी, पोटाखाली दोन तिकाटी गळ, तोंडाशी प्लॅस्टिकची छोटी जीभ. लांब फेकायची, रॉडचं टोक पाण्याकडे खाली धरायचं आणि झटक्याने ओढायची. झटका, झटका, मग थांबायचं. जखमी मासोळीसारखी ती तडफडते, आणि थांबली की बास तिच्यावर येतो.

मी विचारलं, थांबायचं किती सेकंद?

"कंटाळा येईतोवर," तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं, आकड्यात सांगा. तुम्ही विचारलंत, तुझा कंटाळा धरू की माझा? मग मी मनगटावरचं घड्याळ लावून दोन, तीन, चार आणि पाच सेकंद असं प्रत्येकी वीस वेळा फेकून पाहिलं. एकही मासा आला नाही. तुम्ही मागे बसून शेंगदाणे खात होता. ऐंशी फेका झाल्यावर म्हणालात, "ते बी खालून मोजून राहिले असतील, बाई."

त्या दिवशी मी तुमच्यासमोर पहिल्यांदा मोठ्याने हसले. तुम्हीच दचकलात.

लाइनचा वाद त्याच्या पुढच्या वसंतात निघाला. तुमच्या रिळावर बारा पौंडांची लाइन असायची, म्हणजे डब्यावर लिहिल्याप्रमाणे बारा पौंड ताण सोसणारी. माझं म्हणणं होतं, जाड लाइन पाण्यात ओढ धरते, मासोळी हवी तितकी खोल जात नाही, तिची तडफड मंदावते. हे म्हणणं बरोबर होतं. आजही आहे. प्रश्न फक्त एवढाच होता की किती बारीक चालेल, आणि प्रश्न आकड्याचा असला की मी कुणाला विचारायला जात नाही, मशीनपाशी जाते.

आठाची लाइन दहाच्या दहा वेळा आठाच्या वरच तुटली. आपल्या तळ्यातला बास चार पौंडांचा, फार झालं तर पाच. मी भागाकार केला, दीडपटीहून जास्त सुरक्षितता आहे असं लिहिलं आणि सही केली.

तुम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चष्मा लावून ते पान दोनदा वाचलंत. तुमचं आयुष्य पुलांत गेलेलं. आधी भंडाऱ्याला पी.डब्ल्यू.डी.त दोन वर्षं, मग इथे राज्याच्या रस्ते खात्यात. अहवाल कसा वाचायचा हे मी तुम्हाला शिकवायची गरज नव्हती.

"दीड?" तुम्ही म्हणालात. "पुलाले दीड धरला तं तू जाशील का त्याच्यावरून?"

मी म्हटलं, पूल पडला तर माणसं मरतात, लाइन तुटली तर मासा वाचतो.

हे बी खरं, असं म्हणून तुम्ही पान उलटं केलंत, मागची कोरी बाजू पाहिलीत आणि सहज विचारलंत, "भिजवून पाहिली का?"

त्यावर मी काय म्हणाले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "नायलॉन आहे काका, सुतळी नाही."

काकू पोळ्या लाटत होत्या. त्यांचं लाटणं थांबलं.  चष्मा खिशात ठेवलात, सही आहे म्हणजे झालं असं म्हणालात, आणि गॅरेजमध्ये जाऊन बाराची लाइन उतरवायला लागलात.

काका, तुमच्या गावच्या तळ्यावर मासे धरणारे ढिवर दोरी ओली केल्याशिवाय गाठ मारत नसत, हे तुम्ही मला पहिल्याच उन्हाळ्यात सांगितलं होतं. तुम्ही स्वतः नायलॉनची गाठ आवळण्याआधी तोंडात धरून ओली करायचात. मला वाटायचं, गावाकडची सवय. कोरडी गाठ आवळली की नायलॉन स्वतःवरच घासून तापतं आणि नेमकं तिथेच कमजोर होतं, हे पॉलिमरवर थीसिस लिहिलेल्या मुलीला कळायला नको होतं का? आणि नायलॉन पाणी पितं, हे तर पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात होतं. परीक्षेत मी ते लिहिलंही होतं, पूर्ण मार्क मिळाले होते. त्याचा तळ्याशी संबंध लावायचा राहिला.

सप्टेंबरमध्ये तो मासा आला तेव्हा मी होडीत नव्हते. कंपनीच्या कामासाठी आठवडाभर टेक्सासला, अर्विंगमध्ये होते. परत आले तेव्हा तुम्ही ड्राइव्हवेत उभे राहून दोन्ही हात पसरून मला त्याची लांबी दाखवलीत. काकू खिडकीतून म्हणाल्या, "सोमवारी एवढा नव्हता. आठवड्यात बराच वाढलाय." पाचाच्या वर होता म्हणालात, सहाचाही असेल. होडीच्या कडेपर्यंत आणला होतात. त्याने पाण्याबाहेर तोंड काढून मान झटकली आणि गेला.

मी विचारलं, लाइन कुठे तुटली? टोक दाखवा.

"लाइन कुठची तुटते. गाठ सुटली माझी. म्हातारे हात." आणि टोक? टोक तुम्ही फेकून दिलं होतं.

यावर मी काय केलं? तुम्हाला सल्ला दिला. पुढच्या वेळी गाठीला पाच वेढे घ्या म्हटलं. तुम्ही म्हणालात, पाच काहून, सहा घेतो. काय गंभीर चेहरा होता तो! आता त्याचा अर्थ लागतो आणि लॅबमध्ये काम करता करता माझे कान गरम होतात.

तुम्ही गेलात त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि मला ते येणार नाही. त्या आठवड्यात मी घरासमोरचं बर्फ रोज काढलं, एवढं नोंदवते. तुम्ही ठेवायचात तशी कड सरळ ठेवली.

तीन आठवड्यांपूर्वी, बर्फ वितळून तळं पुरतं मोकळं झाल्यावर, काकूंनी गॅरेजच्या भिंतीवरून तुमचा रॉड काढून माझ्या हातात दिला. माझ्याकडचा तुमचा जुना रॉड हिवाळ्यात गॅरेजच्या दारात सापडून मोडला होता, हे त्यांना माहीत होतं. म्हणाल्या, होडी विकायची की ठेवायची ते तू सांग. तू जाणार असशील तर ठेवते. मग म्हणाल्या, "आणि जाणार असशील तर मीपण एकदा येऊन बसेन. इतकी वर्षं हे तिथे काय करत होते ते बघू तरी."

काकू, होडीत! तुम्ही असतात तर पंचांग पाहिलं असतंत.

तो रॉड मला काही अनोळखी नव्हता. साडेसहा फुटांचा, फायबरग्लासचा, एकाच तुकड्याचा. आपण डाळ-तांदळासाठी शिकागोला डेव्हन ॲव्हेन्यूला जायचो तेव्हाही तो गाडीत असायचा, वाटेत एखादं चांगलं पाणी दिसलं तर असावा म्हणून. डॅशबोर्डपासून मागच्या काचेपर्यंत तिरका. जाताना सात तास आणि येताना सात तास त्याचं टोक काकूंच्या कानाशी. दोन तुकड्यांचा का घेत नाही, असं त्यांनी एकदा विचारलं. तुम्ही म्हणालात, सांध्यात जोर कमी पडतो. त्या म्हणाल्या, "माझ्या कानाला विचारा जोर." येताना तुरीच्या डाळीची पोती असल्यामुळे तो जरा वर उचललेला असायचा, तेवढाच त्यांना आराम.

तर तो रॉड घेऊन मी धक्क्यावर उभी राहिले. मोसम उघडला नव्हता म्हणून गळ काढून टाकले आणि नुसती मासोळी फेकून सराव सुरू केला. झटका दिला की रॉडचं टोक पाण्यावर फाट्‌कन आपटायचं. प्रत्येक वेळी. बदकं उठून गेली. मी आठवडाभर माझीच चूक शोधत होते. कोपर वर घे, मनगट आत ठेव, पायात अंतर ठेव. वहीत आकृत्या काढल्या. तुम्ही पावणेसहा फूट उंच आणि मी पाच फूट एक इंच, रॉड खाली झटकायचा तर माझ्या हातापासून पाण्यापर्यंत तेवढी जागाच उरत नाही, हे कागदावर दोन रेघांत दिसलं असतं. त्या दोन रेघा मी काढल्या नाहीत. रॉड तुमचा होता. दोष रॉडचा असू शकतो हे माझ्या मनात यायलाच तयार नव्हतं.

मग एका संध्याकाळी लाइन बोटांत धरली आणि ती जाड लागली. मायक्रोमीटर लावला. बारा.

तुम्ही ती कधी बदललीत? आणि का? गाठ सुटली असती तर लाइन बदलायचं कारण काय होतं?

उत्तर मला लगेच कळलं होतं, पण मी आकडा मिळेपर्यंत थांबले. आठाची लाइन बादलीत भिजवली. रविवारी लॅबमध्ये कोणी नसताना मशीन लावलं. भिजलेली आठाची लाइन सातालाही पोचली नाही. मग तुम्ही मारायचात तशी तोंडात ओली करून गाठ मारली, तुकडा खिडकीच्या गजाला बांधला आणि हाताने तीनशे झटके दिले, तुमच्यासारखे, दोन झटके आणि एक थांबा. आणि मग ओढली. पाच पौंडांना तुटली. बरोब्बर गाठीच्या वर.

तुमचा मासा पाचाच्या वर होता.

तो आकडा मी वहीत लिहिला आणि बराच वेळ दिवा न लावता बसले असं लिहायचा मोह होतो आहे, पण ते खरं नाही. मी तेच दहा वेळा पुन्हा केलं. दहाही वेळा तसंच आलं.

काल ऑफिस सुटल्यावर ऑलीच्या दुकानात गेले. वळणावरचं तुमचं मासेमारीचं दुकान. तुमच्याशिवाय मी तिथे कधी पाऊल टाकलं नव्हतं. ऑलीने मला ओळखलं, टोपी काढली, आणि तुमच्याबद्दल एकही शब्द न बोलता विचारलं, काय हवं? मी म्हटलं, जर्कबेटसाठी रॉड, माझ्या उंचीचा. तो काउंटरच्या बाहेर आला. दुकानाच्या मधोमध मला उभं केलं आणि म्हणाला, फरशी म्हणजे पाणी. झटका दे. टोक फरशीच्या वर वीतभर थांबलं पाहिजे. साडेसहा फुटी तर नाहीच, सहा फुटीही टेकला. साडेपाच फुटी थांबला. ग्रॅफाइटचा आहे, मधल्या ताठपणाचा, टोकाशी जरा लवणारा. फार ताठ घेशील तर मासोळी तडफडायच्या ऐवजी उड्या मारेल, आणि फार मऊ घेशील तर तुझा झटका काठीतच जिरून जाईल, असं त्याने सांगितलं. तुमच्यासारखंच तोही आकडे न देता सांगतो. आणि बरोबर सांगतो, याचा मला आता राग येत नाही.

रॉड घेऊन काउंटरपाशी आले आणि समोर माझा अहवाल दिसला.

काका, तो तुम्ही तिथे लावला होतात! कॅश रजिस्टरच्या मागे, चारही कोपऱ्यांना टेप, एका बाजूला कॉफीचा डाग, खाली माझी सही. वर्षभर! वर्षभर इथले लोक तो वाचून आठाची लाइन घेत होते.  मी ऑलीला म्हटलं, तो काढा, तो चूक आहे.

ऑली म्हणाला, माहीत आहे. सप्टेंबरमध्ये मासा गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही तुटलेलं टोक घेऊन त्याच्याकडे गेला होतात. गाठ सुटली असती तर टोकाला पीळ राहिला असता. पीळ नव्हता. त्याने तेव्हाच कागद काढायला हात वर केला होता, आणि तुम्ही त्याला थांबवलंत. तुम्ही काय बोललात ते त्याने मला त्याच्या भाषेत सांगितलं, मी ते तुमच्या बोलीत करून घेतलं आहे: "राहू दे. तिनं कागदावर दिलं, कागदावरच परत घेईल."

मग मी विचारलं, इतक्या लोकांचे मासे माझ्यामुळे गेले असतील? ऑलीला हसू आलं. तो म्हणाला, वाचणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत होतो, कागद अगदी बरोबर आहे, फक्त कोरड्या तळ्यासाठी. तरी मी कागद मागितला तर दिला नाही. आधी दुसरा आण, म्हणाला.

घरी येऊन काकूंना सगळं सांगितलं. हे मला सोपं गेलं नाही. त्या भेंडी चिरत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं की तो मासा गाठीमुळे गेला नाही, माझ्या लाइनमुळे गेला, आणि त्यांनी तुम्हाला त्यावरून चार महिने चिडवलं ते उगाच.

काकू म्हणाल्या, "मला माहीत होतं की."

सगळ्यांनाच माहीत होतं! फक्त जिने सही केली तिला नव्हतं.

मग त्यांनी सुरी खाली ठेवली आणि मला खुर्चीवर बसायला लावलं. त्या दिवशी तुम्ही घरी आल्यावर त्यांना खरं सांगितलं होतं. त्या तुम्हाला म्हणाल्या, मुलीला सांगून टाका, तिला अशा गोष्टी कळलेल्या आवडतात. त्यावर तुम्ही जे म्हणालात ते काकूंनी तुमच्याच आवाजात म्हणून दाखवलं: "तीस वर्षं दुसऱ्यांच्या कामाचे रिपोर्ट वाचले. माझ्या खेळाचा रिपोर्ट पहिल्यांदा कोणी लिहिला. एक मासा गेला तं गेला."

मी उठून कपबश्या धुतल्या. त्या धुतलेल्याच होत्या.

नंतर रॉडचं सांगायचं राहिलं होतं. मला वाटलं, हे त्यांना जास्त लागेल. तुमचा रॉड त्यांनी स्वतः उतरवून दिला, आणि मी दुसरा घेऊन आले. मी उंची, कोन, पाण्यापासूनचं अंतर असं सगळं समजावायला लागले. काकूंनी अर्ध्यावर थांबवलं. म्हणाल्या, "मग? त्यांचे बूट दिले असते तर काय ते घालून गेली असतीस?"

तुमचा रॉड परत भिंतीवर गेला आहे. काकूंनी स्वतः लावला. त्यांना आता तो कानाशी नसला की चुकल्यासारखं होतं, असं म्हणाल्या.

पण काका, तरीही तुम्ही मला सांगायला हवं होतं. माझी तक्रार आहे. ऑक्टोबरमध्ये आपण तीनदा गेलो. तुम्ही पुढे बसून बाराची लाइन फेकत होता आणि मी मागे बसून आठाची, आणि तुम्ही तोंडातून चकार शब्द काढला नाहीत. माझा मासा गेला असता तर? तुम्ही बहुतेक म्हणाला असतात, गाठ सुटली तुझी, सहा वेढे घे. मी चिडले असते, भांडले असते, बादली आणून तुमच्यासमोर लाइन भिजवली असती. ते भांडण मला तुमच्याशी करायचं होतं. तुम्ही ते ठेवून दिलंत, आणि आता मी ते ऑलीच्या काउंटरपाशी एकटीने केलं.

किंवा तुम्ही वाटच पाहत असाल. मे येईल, ही पुन्हा काहीतरी मोजेल, तेव्हा पाहू. मध्येच जानेवारी येईल हे तुमच्याही हिशेबात नसणार. असं असेल तर तक्रार मागे घेते.

आता लाइन. रॉड ठरला आहे, आठ बाद झाली आहे. उरल्या दहा आणि बारा. दोन्ही मी भिजवून तोडल्या. दहाची भिजल्यावर आठाच्या थोडी वर टिकते, गाठ ओली करून आवळली तर. तिच्यावर मासोळी फूटभर जास्त खोल जाते आणि नीट तडफडते. बाराची पाच-सहा पौंडांच्या माशाला निर्धास्त आहे, पण मासोळी वरच राहते. ग्रॅफाइटचा रॉड तुमच्या रॉडपेक्षा ताठ, तेव्हा झटका लाइनवर जास्त येणार. हे बाराच्या बाजूचं. माझं मनगट तुमच्यापेक्षा हलकं; हे दहाच्या. मी तक्ता तीनदा मांडला. दोन्ही बाजू सारख्या येतात, आणि मशीनकडे याच्या पुढे काही नाही.

अडीच वर्षांत मी तुम्हाला पुष्कळ काही सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत. उलट, तुम्हाला काय वाटतं, असं मी एकदाही विचारलं नाही.

सुधारित अहवाल टाइप झाला आहे. गुरुवारी तो ऑलीच्या भिंतीवर लागेल आणि जुना उतरेल. "भिजवून पाहिली का" हा प्रश्न तुमचा होता, हे त्यात तुमच्या नावासकट लिहिलं आहे. खाली माझी सही आहे. होडी विकली जाणार नाही. शनिवारी सकाळी सहाला काकू साडीवर लाइफ जॅकेट घालून होडीत बसतील, आणि तुम्ही बसायचात तिथे बसतील. प्रत्येक गाठ मी तोंडात धरून ओली करीन. धरलेला प्रत्येक मासा सोडीन, आणि त्याच्या लांबीबद्दल काकूंशी खरं तेच बोलेन. हे सगळं नक्की.

दहा की बारा, तुमचं मत कृपया शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळवा. रीळ मी त्यानंतर भरणार आहे.

तुमची,
उज्ज्वला